मुक्कामी

एकतीस मार्च, रात्रीचे साडेदहा.
जिंतूर आगाराच्या लेखा शाखेत मी एकटा
आणि पेपरवेटखाली फडफडणारा
वातावरण कृती आराखडा, पानं एकशे बारा.
मुखपृष्ठावर हिरवी बस, मागं डोंगर,
तेही हिरवे. म्हणजे आपल्याकडचे नव्हेत.

पाच गाड्या आल्या पोळ्याच्या आसपास.
धूर नाही, धडधड नाही, हे कबूल.
मुजीबचाचा म्हणाले, "सव्वीस वर्षांत पहिल्यांदा
मागच्या सीटवरचं भांडण पुरतं ऐकू आलं ना भौ."
घरी बायको म्हणे शर्ट हुंगून विचारते,
आज ड्युटी नव्हती व्हय?

आणि ऊन खोटं नाही.
मागच्या वैशाखात रेणुका टेकाळे तिकीट देता देता
मशीनसकट खाली बसली,
तिला पाणी पाजणाऱ्यांत मी होतो.
चप्पल डांबराला चिकटून राहते तेव्हा
आराखड्याची चेष्टा करायला जीभ उचलत नाही.

पण हिवरखोरीची मुक्कामी बंद झाली.
दिवसभर पळून सांजेला बॅटरीत उरतं वीस टक्के,
चार्जर आगारात,
आणि हिवरखोरीत रात्रीची वीज असते ती
नसल्यासारखी.
तेव्हा गाडीनं आता इथंच निजायचं, वायर लावून,
दवाखान्यातल्या पेशंटसारखं.
जुन्या दोन डिझेलवाल्यांचं वय झालं.
भंगारात गेल्या. पावती माझ्याच सहीची.

दुसरं कारण मला आकड्यांत सापडलं.
डिझेल कमी खपलं तसा डिझेलवरचा कर आटला,
कर आटला तशी रस्त्यांची तरतूद,
बांधकाम उपविभागातल्या इंगोले साहेबांना
मागितल्या रुपयातले सहा आणे मिळाले.
त्यात हिवरखोरीचा पूल बसला नाही.
नव्या गाडीचं पोट खाली, खड्ड्यात टेकतं.
हरित निधीत मात्र चौदा लाख पडून, कोरे करकरीत.
मी लिहिलं: यातून पुलावर मुरूम टाकावा काय?
वरून एका ओळीत आलं:
"मुरूम ही बाब हरित नाही."
मी आवारातला ढीग जाऊन पाहिला.
खरंय. तांबडा आहे.

पहाटे पाच चाळीसला त्या गाडीत बसायच्या
नर्सिंगच्या तीन पोरी, खव्याचा एक डबा,
आणि डायलिसिसला परभणी गाठणारा
गंगाधर सुतार, कायम खिडकीशी.
आता तो काळीपिवळीनं येतो,
चौदा माणसांत, मांडीवर दुसऱ्याचं पोर घेऊन.
काळीपिवळी धूर सोडते.
तो माझ्या कुठल्याच तक्त्यात नाही.

माझ्या तक्त्यात आहे रकाना सात:
टाळलेले उत्सर्जन, टनांत.
मुक्कामीचे रोजचे बासष्ट किलोमीटर वजा केले
तसा आकडा आपोआप फुगला.
बंद केलेली गाडीही धूर सोडत नाही,
सूत्राला एवढंच कळतं.
विभागात आपण पहिले. उद्या हार येईल बहुतेक.

शेऱ्याच्या रकान्यात मी टाइप केलं:
हिवरखोरी, काळीपिवळी, दोन खेपा, धूर अंदा
आणि तिथं अक्षरमर्यादा संपली.
खोडलं. लिहिलं: पाच चाळीसची गाडी हवी.
बसलं.

खाली चार्जरचे दिवे लुकलुकतात.
मुजीबचाचा पहाटेच्या ड्युटीसाठी रात्रीच आलेत,
रिकाम्या बसमध्ये आडवे, चपला पायरीवर.
बारा वाजायला सहा मिनिटं.
सर्व्हर गोल गोल फिरतोय.
मी खिडकीतून विचारतो, "चाचा, किती झाली चार्ज?"
"त्र्याऐंशी," ते कूस बदलत म्हणतात.
"चारला काढली तर पुलाच्या अलीकडं उभी करतो.
लोक येतेत चालत.
रिकामे किलोमीटर कुठल्या शीर्षात टाकायचे
तेवढं तुम्ही बघा."